चौथी फाइल

पस्तिशीच्या माणसाला कोणी तरुण म्हणत नाही. पण माझं तरुणपण तेव्हाच आलं, त्याला मी काय करू? त्याआधीची वर्षं नुसती कामात गेली. सातवीत शाळा सुटली, बार्शीकडून भोसरीला आलो, आधी हेल्पर, मग मिलिंगवर, मग अण्णांच्या शॉपमध्ये टूलरूमचा फोरमन. मधेच लग्न झालं, रतन आली, पोरगी झाली. हे सगळं शिफ्ट बदलावी तसं होत गेलं, मी त्याकडे धड बघितलंसुद्धा नाही. रतनला जाऊन आता दुसरा उन्हाळा लागला. पोरगी म्हणते, बाबा, लिहून काढा, बरं वाटेल. बरं काही वाटत नाही. पण लिहायला बसलो की ती समोर वावरते, पदर खोचून, माझ्या चुका काढत. म्हणून लिहितो.

आमची खोली भोसरीत शॉपच्या मागच्याच गल्लीत होती. भिंतीपलीकडे पॉवर प्रेसचा कारखाना. प्रेसचा दणका बसला की मांडणीवरची ताटं किणकिण वाजायची आणि माठातलं पाणी थरथरायचं. पाहुणे आले की दचकायचे. आम्हाला त्याची इतकी सवय झालेली की दणके थांबले की आम्ही दचकायचो. रतनच्या भाकरी थापण्याला त्या प्रेसचा ठेका होता. थाप थाप थाप आणि दणका. सकाळी भाकरी, उखळात कुटलेली शेंगादाण्याची चटणी, आणि हिवाळ्यात हुलग्याचं माडगं. ते माडगं तिच्या हातचं मी ज्या पितळीतून प्यायचो ती पितळी पोरीकडे आहे, पण पोरगी त्यात रोपटं लावते. आता मी पुनावळ्याला पोरीच्या फ्लॅटमध्ये राहतो. अकराव्या मजल्यावर कसलाच आवाज येत नाही. जावई म्हणतो किती शांत आहे. असेल बाबा.

रतन माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. दहावी पास, वर इंग्रजी टायपिंगची परीक्षा. हे मला लग्नात सांगितलं होतं, पण टायपिंगचं मी काय करणार होतो? ते दहा वर्षं तसंच पडून राहिलं. मग अण्णांनी वायरकट घेतलं. वायरकट म्हणजे केसाएवढ्या पितळी तारेनं, ठिणग्या पाडत पोलाद कापणारं मशिन. ते जुनं होतं. चिंचवडच्या मिलिंद नावाच्या एका इंजिनिअरनं त्याला नवा कॉम्प्युटर जोडून दिला. त्यात विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, आणि ड्रॉइंगवरून तारेला वाट आखून देणारा कटिंगचा प्रोग्राम त्यानं स्वतः बसवला. चालवायला माणूस पाहिजे होता. टर्नर-फिटर पोरांना कॉम्प्युटरवर बसवलं की घाम फुटायचा. एक दिवस मी जेवताना हे घरी बोललो, तर रतन म्हणाली, "मी बघू का?"

अण्णा भोसरीच्या जुन्या गावकीतले. वावरं एमआयडीसीत गेली आणि त्यांनी लेथ घेतलं, तिथून वाढले. माणूस चांगला, पण बाईमाणूस शॉपमध्ये म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी. "भिवा, तू म्हनतो म्हनून ठिवतो," ते मला म्हणाले. "पर आमच्या शॉपात आजवर बाई न्हाई. पयली चूक झाली की घरी. मंग मला बोलायचं न्हाई." रतन तिथंच उभी होती. ती म्हणाली, "चालंल अण्णा."

ती शिकली कशी ते सांगतो. मिलिंद आठवड्यातून एकदा यायचा, दोन तास बसायचा, भराभरा बोलायचा आणि जायचा. रतन एकेक गोष्ट दोनदा विचारायची. त्याला कंटाळा आला की चहा द्यायची आणि तिसऱ्यांदा विचारायची. सहा महिन्यांत तिला मिलिंदची गरज उरली नाही, आणि बरंच झालं, कारण त्याला परदेशी नोकरी लागली आणि तो गेला. जाताना तीन सीड्या ठेवून गेला. पुढे चाकणच्या कंपन्या नव्या तऱ्हेच्या फाइलमध्ये ड्रॉइंग पाठवायला लागल्या. ती उघडायला नवा प्रोग्राम लागायचा, तो रतननं त्या सीड्यांवरून स्वतःच बसवला. घरी आल्यावर ती मला हे सगळं सांगायची. मी हं हं करायचो. खरं सांगायचं तर मला ते टोचायचं. शॉपमध्ये लोक "भिवामामा" म्हणून माझ्याकडे यायचे, आता "वहिनी, जरा बघता का" म्हणून तिच्याकडे जायला लागले. ग्राइंडरवरचा सर्जेराव तर तोंडावर म्हणायचा, "राव मामा, तुमच्या घरात फोरमन कोन हाय नक्की?" मी हसायचो. हसणं वरवरचं होतं.

मीही थोडं शिकून घेतलं होतं. कॉम्प्युटरमधले सगळे कुलूपबंद कप्पे उघडणारा पासवर्ड आम्हा दोघांनाच माहीत होता, अण्णांनीच तसं सांगितलं होतं, एक आजारी पडलं तर दुसरं असावं म्हणून. मला एक निळी स्क्रीन आवडायची, तिच्यात डावीकडे-उजवीकडे फाइलींच्या दोन याद्या दिसायच्या, टूलरूमच्या कपाटाचे दोन खण उघडल्यासारख्या. आठव्या नंबरचं बटण दाबलं की फाइल उडायची.

दसऱ्याआधी शॉपमध्ये साफसफाई असते. खंडेनवमीला हत्यारं पुजायची, मशिनं पुजायची, आणि मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यामुळे त्याआधीचे दोन दिवस सगळं शॉप घासायचं. चिप काढायची, केरोसीननं बेड पुसायचे, आणि टूलरूममधलं नको ते सगळं बाहेर काढायचं. यात माझा एक नियम होता आणि तो मी अजूनही बरोबर मानतो. कंपनीकडून ड्रॉइंगचं नवं रिव्हिजन आलं की जुनं फाडायचं. त्याच वेळी. जुनं राहिलं की कोणीतरी त्याच्यावरच काम करतो आणि जॉब भंगारात जातो. हे मी माझ्या डोळ्यानं बघितलेलं आहे, म्हणून माझ्या टूलरूममध्ये एका नावाची दोन ड्रॉइंग कधी सापडली नाहीत.

त्या दुपारी रतन पोरीच्या शाळेत गेली होती. वायरकटवर कटिंग चालू होतं, कॉम्प्युटर चालू होता, मी फडकं घेऊन त्याचं टेबल पुसत होतो. पुसता पुसता निळी स्क्रीन उघडली. एका कप्प्यात बघतो तर एकेका नावाच्या दोन-दोन फाइली. नाव तेच, शेवटी आकडा वेगळा. एक दोनची, एक तीनची. एक सहाची, एक सातची. मला वाटलं, बघा, एवढी हुशार बाई आणि जुनी रिव्हिजन तशीच ठेवलीय. अशा चार जोड्या सापडल्या. चारही जुन्या मी उडवल्या. मशिन चालूच होतं, तार कापतच होती, काही बिघडलं नाही. म्हटलं, झालं की. रतनला सांगणार होतो, जरा तोऱ्यानंच, पण ती आली तेव्हा माझ्याकडे दुसरं काम होतं. संध्याकाळी मशिनं बंद केली, दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, पेढे. कॉम्प्युटरलाही माळ घातली.

दसऱ्याच्या सकाळी अण्णा मुहूर्तानं एकेक मशिन चालू करत आले. लेथ फिरलं, ग्राइंडर फिरलं. वायरकटचा कॉम्प्युटर चालू झाला, पण कटिंगचा प्रोग्राम उघडेना. रतननं बटण दाबलं की एक ओळ यायची आणि सगळं जिथल्या तिथं. ओळीचा अर्थ एवढाच की अमुक फाइल सापडत नाही. मी ती ओळ बघितली. मशिन चालू असताना प्रोग्रामनं ती जुनी फाइल आधीच हातात धरलेली होती, म्हणून त्या दुपारी काही कळलं नाही. बंद करून पुन्हा चालू केल्यावर तो ती शोधायला गेला, आणि जागा रिकामी. हे मला नंतर रतननंच समजावलं. त्या क्षणी मला फक्त एवढं समजलं की हे मी केलंय.

सर्जेराव म्हणाला, "नजर लागली." एकानं लिंबू-मिरची आणली. अण्णांनी रतनकडे नुसतं बघितलं. तीन दिवसांनी चाकणच्या कंपनीचा माणूस येणार होता, डायचा, म्हणजे प्रेसच्या साच्याचा, ब्लॉक त्याच्यासमोर कापायचा होता. तो ब्लॉक आम्ही तीन आठवडे घडवलेला. मिलिंग झालं होतं, हार्ड करून आणलेला, सर्जेरावानं आरशासारखा ग्राइंड केलेला. असा दुसरा नव्हता.

पहिल्या दिवशी रतननं नव्या फाइलीलाच जुनीचं नाव देऊन बघितलं. प्रोग्राम उघडला. सगळे खूश. तिनं ड्रॉइंग आत घेतलं आणि प्रोग्राम धाडकन पडला. पुन्हा उघडला, पुन्हा पडला. तिनं मान हलवली. मी म्हटलं, "उघडतोय म्हणजे बसलंय की." ती म्हणाली, "इंची नटात मिलिमीटरचा बोल्ट दोन आटे जातोच की हो. तिसऱ्याला अडतो." टूलरूमची भाषा माझी, आणि ती मला ऐकवत होती.

त्या संध्याकाळी घरी भाकरी थापताना तिनं पाठ न वळवता विचारलं, "तुम्ही त्या कॉम्प्युटरला काही हात लावला होता का?"

"मी कशाला लावू?" मी म्हणालो.

भिंतीपलीकडे दणका बसला. "बरं," ती म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. ते बरं मला अजून ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी सगळ्यांसमोर विचारलं, "बाई, काय क्येलं व्हतं तुमी?" मी तिच्याशेजारी उभा होतो, हातात माप घ्यायचा व्हर्नियर. एका शब्दात सगळं मिटलं असतं. रतन म्हणाली, "माझ्या ताब्यातलं मशिन आहे अण्णा. माझीच चूक. उद्यापर्यंत वेळ द्या." अण्णा म्हणाले, "उद्या दिला. परवा कंपनीचा मानूस हाय. त्याच्याम्होरं बंद पडलं तर मंग तुमी आन् तुमचं नशीब." मी व्हर्नियर उघडला, मिटला. फोरमन होतो ना. माझ्या हाताखाली चौदा माणसं. अशी कारणं माणसाला फार लवकर सुचतात.

रतननं मिलिंदच्या तीन सीड्या काढल्या आणि स्टुलावर बसली. प्रोग्रामला काय काय लागतं याची यादी कॉम्प्युटरकडून काढता येते, ती तिनं काढली. लांबलचक यादी, आणि तीन ठिकाणी 'नॉट फाउंड'. मग त्या तीन फाइली कुठल्या पॅकेजातून येतात ते सीड्यांवर शोधत बसली. सापडलं की ते बसवायला जायची, तर कॉम्प्युटर नाही म्हणायचा, याहून नवं आधीच बसलेलं आहे. नवं काढायचं तर ड्रॉइंग उघडायचा प्रोग्राम मरतो. मी चहा घेऊन गेलो. ती माझ्याकडे न बघता बोलत होती, मला की स्वतःला ते माहीत नाही. "हे लोक याला लायब्ररी म्हणतात. सगळ्यांनी मिळून वापरायची हत्यारं. पण जुन्या माणसाला जुनंच हत्यार लागतं. नवं आलं म्हणून जुनं काढून टाकायचं नसतं, शेजारी ठेवायचं असतं." आणि तिला तेच सापडलं. बदलून बसवायचा हुकूम वेगळा आणि शेजारी बसवायचा वेगळा. तिसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला यादीतले तिन्ही 'नॉट फाउंड' गेले. प्रोग्राम उघडला. ड्रॉइंग आत गेलं. तिनं भंगारातला एक तुकडा लावून सरळ चौकोन कापून दाखवला. सर्जेराव म्हणाला, "वहिनी, आता एक माळ तुमाला."

सगळे हसले. मी हसलो नाही. कारण मी चार उडवल्या होत्या.

त्या रात्रभर मी स्वतःला समजावलं की चौथी फालतू असेल. तीन लागत होत्या, तीन आल्या, यादी स्वच्छ झाली, तुकडा कापला. चौथी लागत असती तर यादीत आली नसती का? कॉम्प्युटरला माझ्यापेक्षा जास्त कळतं. असं चाललं होतं. रतन शेजारी गाढ झोपली होती, तीन दिवसांत पहिल्यांदा.

सकाळी कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, पण चांगला होता, सगळ्यांना नमस्कार केला. ब्लॉक मशिनवर चढवला, मी स्वतः डायल लावून सरळ केला. रतननं तार ओवली. तिची बोटं मी बघत होतो. अण्णा हात मागे बांधून उभे. "करा बाई चालू," ते म्हणाले. तिनं बोट बटणावर नेलं.

"थांब," मी म्हणालो.

ती थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. "रतन, चार होत्या," मी म्हणालो. "तू तीन बसवल्यास. मी चार काढल्या. साफसफाईच्या दिवशी. तू शाळेत गेलतीस तेव्हा."

शॉपमध्ये लेथ चालू होतं ते कोणीतरी बंद केलं. अण्णांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. सर्जेराव जमिनीकडे बघत होता, आणि तो कधीच जमिनीकडे बघत नाही. रतन मात्र माझ्याकडे वळलीच नाही. स्क्रीनकडे बघतच म्हणाली, "नाव काय चौथीचं?"

नाव मला कुठलं आठवणार? इंग्रजीचा माझा आनंदच. पण आकडा आठवत होता. "सहा आणि सातची जोडी होती. सहा काढली."

"इथं बसा," ती म्हणाली आणि स्टुलावरून उठली. "दाखवा."

मी बसलो. चौदा माणसं, अण्णा, कंपनीचा टायवाला, सगळे मागे उभे, आणि मी एका बोटानं बटणं दाबत यादी खाली सरकवतोय. सातची एकटी फाइल सापडली. मी बोट ठेवलं. तिनं वाकून वाचलं आणि एक श्वास सोडला. ती फाइल तिरक्या कापाची होती. सरळ कापायला ती लागत नाही, म्हणून यादीतही दिसली नाही, प्रोग्राम ती गरज पडल्यावरच मागायचा. आणि डायच्या पोटात तिरका काप होता. ब्लॉकात अर्ध्यावर गेल्यावर प्रोग्राम पडला असता, तार तिथंच थांबली असती, आणि आमचा तीन आठवड्यांचा ब्लॉक भंगारात. रतन घरी.

तिनं दुसरी सीडी घातली. अर्धा तास गेला. टायवाल्याला चहा दिला, तो म्हणाला घाई नाही. मग ब्लॉक कापला. पूर्ण, तिरक्या कापासकट, पहिल्या झटक्यात.

टायवाला गेल्यावर अण्णा मला म्हणाले, "भिवा, तुला घरी बशिवला पायजे." मी म्हटलं, "बसवा." त्यांनी कापलेल्या ब्लॉकच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "बाई, ह्याचं काय करायचं त्ये तुमीच ठरवा. तुमच्या मशिनचा मामला हाय." आणि निघून गेले.

घरी ती रोजच्यासारखी चुलीशी होती. जेवण वाढलं. मी घास घेईना तेव्हा म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पासवर्ड दोघांना, आणि मी काढल्या नव्हत्या. मग उरलं कोण?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलता का बघत होते." तिनं ताटात चटणी वाढली. "एक विचारू? तीनच काढल्या असत्या, आणि माझं मशिन चालू झालं असतं. मग सांगितलं असतं का?"

मी विचार केला. खरंच केला. म्हटलं, "नाही."

मला वाटलं आता ती रडेल, किंवा बोलेल, किंवा माहेरचं नाव काढेल. ती म्हणाली, "हां. जेवा." मग पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवत म्हणाली, "उद्यापासून रोज दुपारी अर्धा तास माझ्याजवळ येऊन बसायचं. नीट शिकायचं. सगळ्यांसमोर. हीच तुमची शिक्षा."

बसलो. वर्षभर बसलो. जेवणाची सुट्टी संपायच्या आधी अर्धा तास, दोन स्टुलं लावून, खांद्याला खांदा. पहिला आठवडा माणसं खिदळायची, सर्जेराव पाटी-पेन्सिल घेऊन आला, मग त्यांनाही सवय झाली. ती प्रोग्राम मुद्दाम बिघडवायची आणि मला दुरुस्त करायला लावायची. एक फाइल दुसरीकडे लपवून ठेवायची आणि म्हणायची, "शोधा." ओळ आली की, "मोठ्यानं वाचा." मी अडखळत वाचायचो. चुकलो की बांगड्यांचा हात पुढे यायचा आणि बोट स्क्रीनवर बरोबर जागी टेकायचं. तिच्या हाताला तेव्हा मशिनच्या पाण्याचा आणि चटणीच्या लसणाचा एकत्र वास यायचा. बारा वर्षं लग्नाला झालेली, एका खोलीत राहणारी माणसं आम्ही. शिफ्टच्या उलटापालटीत, पोरीच्या दुखण्याखुपण्यात, भर दिवसा, उजेडात, इतक्या जवळ, अर्धा अर्धा तास आम्ही त्याआधी कधी बसलोच नव्हतो. वर्ष संपल्यावर ती म्हणाली, आता येतंय तुम्हाला, आता नका बसू. मी म्हटलं, अजून कच्चं आहे. कच्चं नव्हतं. तिनं माझ्याकडे बघितलं, पायानं दुसरं स्टूल पुढे ओढलं, आणि कुठली तरी फाइल लपवायला लागली.